काढा, चाटण, पुड्या आणि डॉक्टरांपासून लपवलेली डबी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात, नौपाड्यात माझा दवाखाना आहे, सत्तावीस वर्षं झाली. खुर्चीत बसून लोक जेवढं विचारतात त्याहून जास्त निघताना, दाराशी उभं राहून विचारतात. ‘डॉक्टर, एक विचारू का, रागावणार नाही ना?’ अशी सुरुवात झाली की मी ओळखते, घरी काहीतरी उकळतंय. त्या दारातल्या प्रश्नांची ही उत्तरं. काही प्रश्न पेशंटचे, काही त्यांच्या मुला-सुनांचे आणि एक माझ्याकडे शिकायला बसणाऱ्या तरुण डॉक्टरांचा. वाचून आपल्या गोळ्या परस्पर कमी-जास्त करू नका, एवढी विनंती.

घरगुती किंवा आयुर्वेदिक काही चालू आहे असं सांगितलं तर तुम्ही रागावता का?

पूर्वी रागवायचे. त्याचा भुर्दंड एका गृहस्थांना बसला, ते आधी सांगते.

साठी उलटलेले, निवृत्त. तीन गोळ्या चालू असूनही वरचं बीपी १७०च्या खाली येईना. पायांवर सूज, जिना चढताना पिंढऱ्या गळून जायच्या. रक्तातलं पोटॅशियम २.९, जे साधारण ३.५ ते ५च्या दरम्यान असायला हवं. ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ मी पोलिसी आवाजात विचारलं. ते ‘हो’ म्हणाले. मी एक गोळी वाढवली. दोन महिने हाच खेळ. किडनीची सोनोग्राफी झाली, हार्मोनच्या महागड्या तपासण्या लिहून देण्याच्या बेतात होते. त्या दिवशी सोबत आलेली सून सहज बोलून गेली, ‘तंबाखू सोडल्यापासून बाबांच्या तोंडात दिवसभर ज्येष्ठमधाची कांडी असते.’

ज्येष्ठमधात ग्लिसिरायझिन नावाचं द्रव्य असतं. ते रोज भरपूर पोटात गेलं की शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं आणि बीपी चढतं. कांडी बंद झाली. काही आठवड्यांत पोटॅशियम जागेवर आलं, आणि चारपैकी दोन गोळ्या मी माझ्या हाताने काढल्या.

‘हे आधी का नाही सांगितलंत?’ असं विचारल्यावर म्हणाले, ‘मागे एकदा हिरड्याचं चूर्ण घेतो म्हटलं होतं, तर तुम्ही म्हणालात, मग वैद्याकडेच जा.’ मला ते बोललेलंही आठवत नव्हतं. त्यांनी ते तीन वर्षं मनात ठेवलं होतं. माणसाने तंबाखू सोडली, त्यासाठी स्वतःच्या अकलेने एक सोबती शोधला, आणि माझ्या धाकाने तो लपवला. यात त्यांचं काय चुकलं?

तर आता रागवत नाही. कधी भुवई वर जाते, तेवढी माफ करा.

नेमकं काय काय सांगायचं?

जे तोंडात, नाकात, डोळ्यात किंवा कातडीवर जातं ते सगळं. अडचण ‘औषध’ या शब्दाची आहे. ‘आणखी कोणतं औषध घेता?’ असं विचारलं तर लोक प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, कारण काढा हे त्यांच्या लेखी औषध नसतंच. चूर्ण, चाटण, आसव, गव्हांकुराचा रस, जिममधल्या ओळखीच्याने दिलेल्या कॅप्सूल, मैत्रिणीच्या नेटवर्क कंपनीची पावडर, गावाहून आलेली मुळी, व्हॉट्सअॅपवर वाचून रात्री भिजत घातलेलं बी, सगळं मोजा. होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्यासुद्धा.

आठवत नसेल तर सोपा उपाय: एका पिशवीत सगळं भरून आणा. बाटल्या, डब्या, पुड्या, अर्धवट संपलेली पाकिटं. माझ्या टेबलावर अशी पिशवी उलटी केली की दहा मिनिटांत जे कळतं ते तीन भेटींत कळत नाही. एका आजींच्या पिशवीतून एकाच गोळीच्या तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या निघाल्या, आणि तिन्ही रोज चालू होत्या. तिथे काढ्याचा काही दोष नव्हता.

नैसर्गिक आहे म्हणजे साइड इफेक्ट नाही, बरोबर ना?

बिब्बा नैसर्गिक आहे. धोतरा, कण्हेर, वत्सनाभ, कुचला हेही नैसर्गिक आहेत. आयुर्वेदाला हे पहिल्यापासून ठाऊक आहे, म्हणून तर शोधन (द्रव्यातलं विष काढणं), मात्रा, अनुपान (कशासोबत घ्यायचं ते), पथ्य हा सगळा पसारा आहे. आपल्या औषध कायद्याच्या नियमांतही अशा विषारी द्रव्यांची वेगळी यादी आहे, आणि ती असलेल्या आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापावी लागते. चांगला वैद्य कधीच म्हणत नाही की ‘घ्या, अपाय होणारच नाही’. असं विकणारा म्हणतो.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. झाडपाल्यात दम नसता तर आमचं अर्धं कपाट रिकामं असतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी युरोपातल्या गॅलेगा नावाच्या रोपातल्या द्रव्यावरून सुचली आणि १९५७मध्ये फ्रान्समध्ये माणसांवर वापरली गेली. मलेरियाचं आर्टेमिसिनिन एका चिनी वनस्पतीतून मिळालं, त्यासाठी तू यूयू यांना २०१५चं नोबेल मिळालं. पण मला सगळ्यात जवळची वाटते ती सर्पगंधेची गोष्ट, कारण ती आपल्या मुंबईतली आहे. केईएममध्ये काम केलेले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी बीपीच्या पेशंटवर सर्पगंधा वापरून पाहिली आणि १९४९मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये तिचे निष्कर्ष छापले. सगळ्या जगाने दखल घेतली. पुढे त्यातलं रिसर्पिन वेगळं काढलं गेलं, गोळ्या निघाल्या, बीपी उतरलं. मग लक्षात आलं की काही जणांना त्याने खोल उदासी येते. आज ते क्वचितच दिलं जातं. बीपी उतरवणारी मुळी आणि मन उदास करणारी मुळी एकच. ज्याला गुण आहे त्याला अवगुण असणारच. म्हणून कुणी मला ‘याचा काहीच त्रास नाही’ असं सांगितलं की मी मनात म्हणते, मग बहुधा उपयोगही नसेल.

अॅलोपॅथीच्या गोळ्या गरम पडतात. त्यापेक्षा काढा बरा नाही का?

‘गरम पडते’ हे वाक्य ऐकून हसणारे डॉक्टर मी पाहिलेत. मी विचारते, म्हणजे काय होतं? कुणाला छातीत जळजळ, कुणाचं तोंड येतं, कुणाला लघवीला आग, कुणाला पुरळ, कुणाला नुसती झोप लागत नाही. पाच माणसांच्या पाच ‘गरम’ वेगळ्या. जळजळ असेल तर दुखण्यावरची गोळी रिकाम्या पोटी घेतली जात असते. मेटफॉर्मिनने पोट बिघडत असेल तर जेवणाबरोबर घेऊन किंवा हळू विरघळणारी गोळी देऊन बहुतेकदा निभतं. लोहाच्या गोळीने मळमळतं. बहुतेक ठिकाणी करण्यासारखं काहीतरी असतं.

मजेशीर प्रकार खोकल्याचा. रामिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या बीपीच्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा खोकला लागतो. एक बाई सहा महिने अडुळशाचा काढा घेत होत्या, ज्येष्ठमध-मध चाटत होत्या, आणि म्हणत होत्या की ठाण्याची हवाच बिघडली आहे. हवा बिघडली आहे हे खरंच. घोडबंदर रोडवरची धूळ मीही खाते. पण गोळी बदलली आणि काही आठवड्यांत खोकला गेला.

काढा आणि गोळी यांच्यात तासाभराचं अंतर ठेवलं की झालं ना?

काही बाबतीत झालं. इसबगोल पोटात फुगतो आणि गोळीला धरून ठेवतो, म्हणून दोन तासांचं अंतर बरं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, आणि लोह-कॅल्शियमपासून चार तास लांब. लोहाच्या गोळीवर चहा नको.

पण एकदा दोन्ही रक्तात पोचले की घड्याळाचा उपयोग नाही. मेथी-कारलं साखर उतरवतं आणि तुमचं इन्सुलिनही साखरच उतरवतं. सकाळी एक, संध्याकाळी दुसरं घेतलं तरी शरीर एकच आहे. अश्वगंधेने थायरॉइडचं प्रमाण वाढू शकतं, तिथे अंतर कितीही ठेवा. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर कोणतंही नवं चूर्ण विचारल्याशिवाय नको, पालेभाज्याही एकदम वाढवू-घटवू नका.

उपवनला फिरायला जातो, तिथे ताजा दुधी-कारल्याचा रस मिळतो. घेऊ का?

उपवन काय किंवा नेरूळचं तळं काय, सकाळी सहाला रसवाल्यापाशी जेवढी गर्दी असते तेवढी माझ्याकडे नसते. दुधीची भाजी खुशाल खा. रसाबाबत मात्र एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा: दुधी कडू लागला तर थुंका आणि टाकून द्या. दुधी, काकडी यांच्या कुळात कुकरबिटासिन नावाची कडू विषं असतात. एरवी ती नगण्य असतात, एखाद्या फळात अचानक भरपूर. २०१०मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा रस पिऊन मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने सांगितलं की रस काढण्यापूर्वी फोड चाखून पाहावी, कडू असेल तर वापरू नये, आणि दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नये. मिसळू नये, कारण कारल्याच्या कडूपणात दुधीचा कडूपणा लपतो. आणि तळ्याकाठी नेमकं तेच मिश्रण सर्वात जास्त खपतं! प्यायल्यावर उलट्या, पोटात मुरडा, उलटीत रक्त असं काही झालं तर लिंबू-पाणी पीत बसू नका, थेट हॉस्पिटल. यावर उतारा नाही, वेळेवर सलाइन आणि देखरेख हाच इलाज.

गुळवेल तर अमृता आहे ना? कोविडमध्ये सगळ्यांनीच घेतली.

घेतली, आणि बहुतेकांना काही झालं नाही. पण २०२१मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा पेशंटची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे देशातल्या अनेक केंद्रांतून आणखी पेशंटची नोंद झाली.

मी भांडणात पडत नाही, कामापुरतं पाहते. ज्यांना थायरॉइड, संधिवात किंवा यकृताचा स्वप्रतिकारशक्तीचा (म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा) आजार आहे, किंवा घरात तो आहे, त्यांना नको म्हणते. बाकीच्यांनी महिनोन् महिने रोज कशाला घ्यायची? आणि बाल्कनीतल्या कुंडीत लावलेली वेल ‘तीच’ आहे हे कुणी ओळखून दिलं, हा प्रश्न स्वतःला विचारा. डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नावरची वासना उडाली, तर वेल बंद आणि यकृताची तपासणी त्याच दिवशी. हळदीच्या ‘जास्त शोषल्या जाणाऱ्या’ कॅप्सूलनाही हेच लागू. भाजीतली हळद वेगळी.

शुगर आहे. गोळ्या बंद करून मेथी, जांभळाच्या बिया, कारलं यांवर राहायचं आहे. परवानगी द्याल?

हा माझ्याकडे सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

आधी एक अपवाद. ज्यांना लहान वयापासून टाइप १ मधुमेह आहे त्यांचं इन्सुलिन एक दिवसही थांबवायचं नाही. जांभूळ नाही, कारलं नाही, कुणा महाराजांचा प्रसादही नाही. तिथे वाटाघाट नाही.

टाइप २ असेल तर मी विचारते, गोळी का नको आहे? या प्रश्नाला मिळणारी उत्तरं क्वचितच गोळीबद्दल असतात. कोपरीच्या एका मावशी म्हणाल्या, ‘माझ्या भावाला गोळीवरून इन्सुलिन झालं, इन्सुलिनवरून डायलिसिस.’ त्यांच्या मनात ती एक शिडी होती, आणि पहिली पायरी चढलं की शेवटची ठरलेलीच. मी शुगरचे आकडे समजावत बसले असते तर त्या मान हलवून निघून गेल्या असत्या. भावाची किडनी गोळीने गेली नाही, वर्षानुवर्षं चढलेल्या साखरेने गेली, हे त्यांना पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं.

मग आम्ही करार केला, कागदावर. मेथी चालू ठेवा, पण ठरलेल्या मापाने आणि जेवणाबरोबर. गोळी अर्ध्या डोसवर चालू. भात निम्मा, रात्रीचं जेवण लवकर, तलावपाळीला रोज चार फेऱ्या. तीन महिन्यांनी एचबीएवनसी, कारण ती तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांचा हिशोब सांगते, आदल्या दिवशी उपास करून तिला फसवता येत नाही. आकडा ठरल्यापेक्षा वर गेला तर पूर्ण डोस, खाली आला तर मी स्वतः गोळी कमी करणार. घाम, थरथर, डोळ्यापुढे अंधारी आली तर आधी साखर तोंडात, मग फोन. त्यांचा आकडा उतरला. मेथीने की फेऱ्यांनी? माझा कौल फेऱ्यांना आणि घटलेल्या पाच किलोंना. मावशींचा मेथीला. दोघी खूश आहोत.

प्रत्येक वेळी असं गोड होत नाही. एक गृहस्थ करार करून गेले ते वर्षाने पायाची जखम घेऊनच आले. वजन खरोखर घटवलं तर टाइप २ मधुमेहात गोळ्या सुटू शकतात, हे मी छातीठोकपणे सांगते. पण त्या रिपोर्ट पाहून सोडायच्या.

बीपीची गोळी एकदा सुरू झाली की सवय लागते, म्हणून सुरूच करायची नाही. चूक आहे का?

सवय गोळीची नसते. चष्मा काढल्यावर अंधुक दिसतं, म्हणून कुणी चष्म्याची सवय लागली असं म्हणत नाही. बीपी थोडंच वाढलं असेल आणि बाकी काही धोका नसेल तर मी आधी काही महिने मीठ, वजन आणि चालणं यांवर देते. मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, त्यात पापड, लोणचं, फरसाण, सगळं आलं. सैंधव घेतलं तरी ते मीठच. चालू असलेली गोळी मात्र मनाने एकदम बंद करू नका, काही गोळ्या अशा थांबवल्या की बीपी उसळी मारतं.

सासूबाई बाळाला गुटी देतात. डॉक्टर नको म्हणतात. मी मध्ये अडकले आहे.

घोडबंदरच्या टॉवरमध्ये तेविसाव्या मजल्यावर सहाण दिसली की मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, बाळहिरडा, हळकुंड, एकेकाचे मोजून एक-दोन वळसे. मलाही दिली होती, माझ्या आजीने.

तरीही पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरून पाणीसुद्धा नको. गुटीचं पाणी न उकळलेलं असतं, सहाण ओली राहते, जायफळाचे वळसे जास्त झाले तर बाळ गुंगतं आणि घरचे म्हणतात, ‘बघा, कसं शांत झोपलंय!’ वेखंडातही निरुपद्रवी नसलेली द्रव्यं आहेत. आणि मध वर्षाच्या आत अजिबात नको, बोटभर चाटवणंही नको. त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम नावाचा लुळेपणा येऊ शकतो. काजळ नको, काही काजळांत शिसं असतं. धुरीही नको, तो धूर बाळाच्या फुप्फुसात जातो.

आता हे सासूबाईंना कुणी सांगायचं? तुम्ही नाही. त्यांना लसीकरणाच्या दिवशी सोबत घेऊन या. मी त्यांना आधी विचारते, तुम्ही किती बाळं वाढवलीत, गुटी कोणत्या क्रमाने उगाळता? त्या सांगतात, आणि त्यांचं ज्ञान खरंच बारीक असतं. मग म्हणते, सहा महिने सहाण विसावू द्या, तोवर तेल-मालिश तुमच्याकडे, सुनेचे डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशोपा तुमच्याकडे. बाळाच्या अंगावरून आजीचा हात काढून घेतला तर आजी गुटी चोरून देणार, एवढं मला कळून चुकलंय. एका आजीबाई मात्र ताडकन म्हणाल्या, ‘तुम्ही आजकालचे डॉक्टर.’ मी त्यांच्यापेक्षा फक्त चार वर्षांनी लहान होते.

काविळीला गावचं औषध घेतलं आणि आठ दिवसांत उतरली. मग डॉक्टर कशाला?

पावसाळ्यात हा प्रश्न येतोच. दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेक निरोगी माणसांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. दुधातून मुळी दिली तरी, गळ्यात माळ घातली तरी, आणि काहीच नाही केलं तरी. श्रेय त्या वेळी जो जवळ असेल त्याला. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर निघणारा पिवळेपणा काविळीचा नसतो, बिलिरुबिन कातडीतून पाण्यात उतरत नाही.

माळेला माझी हरकत नाही. मुळीला आहे, कारण सुजलेल्या यकृताला अनोळखी द्रव्य पचवायला लावायचं आणि तेल-मीठ तोडून माणसाला उपाशी ठेवायचं, यात हित नाही. तपासणी मात्र सर्वांनी करावी. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ई प्रकारची कावीळ जीवघेणी ठरू शकते. पांढरट शौच आणि अंगभर खाज म्हणजे पित्ताची वाट अडली असेल. आणि कावीळ झालेला माणूस दिवसा झोपाळू झाला, असंबद्ध बोलायला लागला, तर गावची एसटी पकडू नका. कळव्याचं महापालिकेचं हॉस्पिटल किंवा वाशीचं, जे जवळ असेल तिथे जा.

डेंग्यूत पपईच्या पानांचा रस?

काही छोट्या अभ्यासांत प्लेटलेट थोड्या लवकर वाढल्या. जीव वाचतो असं दिसलेलं नाही, आणि प्लेटलेट एरवीही सातव्या-आठव्या दिवसापासून चढायला लागतात. उलटी होत नसेल तर घ्या, मी अडवणार नाही. पण पाणी, ओआरएस, पॅरासिटामॉल आणि रोजची तपासणी सोडू नका. ब्रुफेन-अॅस्पिरिन नको. ताप उतरल्यावर पोटात खूप दुखणं, सतत उलट्या, हात-पाय गार पडणं हा खरा धोक्याचा काळ.

सांधेदुखीच्या पुड्या आणल्या, तीन दिवसांत गुण आला. आता बोला!

तीन दिवसांत गुण आला म्हणूनच मला धास्ती. बिनलेबलच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. चेहरा गोल झाला, भूक वाढली, शुगर अचानक चढली, कातडीवर निळे डाग आले, की पुडीचं नाव न विचारता कळतं. वर्षभर घेतल्या असतील तर आज रागाने फेकूनही देऊ नका. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड करणं थांबवलेलं असतं, एकदम बंद केल्याने बीपी कोसळू शकतं. माझ्याकडे या, हळूहळू कमी करू.

धातूंपासून केलेल्या भस्मांबद्दलही इथेच सांगते. अमेरिकेत बॉस्टनच्या आसपासच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं, आणि ते २००४मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ‘परदेशी लोकांचा कट’ म्हणून ते उडवून लावू नका. पोटात पुन्हा पुन्हा कळ, रक्त कमी, हात-पाय बधिर, आणि भस्म चालू असेल तर रक्तातलं शिसं तपासायला हवं. लेबल पाहा: परवाना क्रमांक, बॅच, घटक. आणि ‘डायबेटिस मुळापासून बरा’ अशी जाहिरात दिसली तर लक्षात घ्या, १९५४च्या कायद्याने मधुमेह, कर्करोग अशा आजारांवर इलाजाचा दावा करणारी औषधाची जाहिरात करायलाच बंदी आहे. कायदा मोडून ओळख करून देणाऱ्याकडून औषध घ्यायचं का, ते तुम्ही ठरवा.

ऑपरेशन ठरलं आहे. चूर्णं चालू ठेवू?

भूलतज्ज्ञांना यादी द्या. साधारण दोन आठवडे आधी सगळी बंद केलेली बरी, विशेषतः लसणाच्या कॅप्सूल, जिंको या परदेशी झाडाच्या गोळ्या, अश्वगंधा. जेवणातला लसूण खा.

मी वैद्यांकडेही जातो. तुम्ही एकमेकांशी बोलाल का?

आनंदाने. कागद मात्र दोघांचे दोघांना दाखवा. माझ्या ओळखीचे एक वैद्य आहेत, त्यांचा फोन येतो, ‘तुमच्या पेशंटचं किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन वाढलंय, मी माझं थांबवतोय, तुम्ही बघा.’ असा वैद्य असेल तर त्याला सोडू नका. जो म्हणतो, ‘डॉक्टरांना सांगू नका’, त्याला सोडा. आणि जो डॉक्टर म्हणतो, ‘वैद्याचं नावही काढू नका’, त्याच्याबद्दलही विचार करा.

मी नुकताच प्रॅक्टिस सुरू केलेला डॉक्टर आहे. अशा पेशंटशी बोलायचं कसं?

आपली पहिली चूक व्याकरणाची असते. ‘दुसरं काही घेत नाही ना?’ या वाक्याच्या शेपटीला उत्तर बांधलेलं आहे: ‘नाही.’ त्याऐवजी, ‘घरचं, गावचं, वैद्यांचं काय काय चालू आहे?’ असं, जणू असणारच, असं विचारा आणि पेन खाली ठेवा.

बर्लिन आणि फाउक्स या दोन अभ्यासकांनी १९८३मध्ये पाच पायऱ्यांची एक पद्धत मांडली: ऐका, तुमचं म्हणणं समजावा, दोन्हींत फरक कुठे आणि सारखेपणा कुठे ते मान्य करा, सुचवा, मग वाटाघाट करा. आपल्याकडे तिसरी पायरी हमखास गळते. ‘तुमची मेथी साखर थोडी उतरवते हे खरं’ एवढं म्हणायला आपल्याला जड जातं, कारण वाटतं की एक इंच दिला तर पेशंट हातभर घेईल. माझा अनुभव उलटा आहे. तो इंच दिल्यावरच तो पुढचं ऐकतो.

आणखी दोन गोष्टी. काढ्यांची तीन गटांत विभागणी करा, तीही पेशंटसमोर मोठ्याने: हे चालेल, हे या मापाने चालेल, हे नको आणि का नको. सगळ्यालाच ‘नको’ म्हटलंत तर तुमच्या खऱ्या ‘नको’ला वजन राहत नाही. आणि शेवटी ‘समजलं का?’ विचारू नका, त्यालाही ‘हो’च येतं. ‘घरी गेल्यावर मिसेसना काय सांगणार?’ असं विचारा. ते सांगायला लागले की तुम्ही काय नीट समजावलं नाही ते तुम्हालाच ऐकू येतं.

वेळ कुठे आहे, असं म्हणाल. बाहेर वीस माणसं खोळंबलेली असतात, मला ठाऊक आहे. ज्येष्ठमधाच्या गृहस्थांवर मी दोन महिने आणि एक सोनोग्राफी घालवली. तो एक प्रश्न अर्ध्या मिनिटाचा होता.

एखाद्या औषधाने, कोणत्याही पॅथीच्या, अपाय झाल्याचा संशय आला तर कळवा. औषधांच्या दुष्परिणामांच्या राष्ट्रीय नोंदणीचा टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे, पेशंटही करू शकतात.

कोणत्या वेळी घरगुती उपायात एक तासही घालवायचा नाही?

छातीत दाब, घाम. तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी. साप चावणं, येऊरला असो की शहापूरला. मांत्रिक नको, सरकारी रुग्णालयात प्रतिविष मिळतं. तान्ह्या बाळाचा ताप. स्तनात गाठ; तिथे तास मोजत नाहीत, पण लेप लावण्यात महिने जातात. खारघरला टाटाचं कर्करोगाचं केंद्र आहे, लेप लावत का बसायचं? क्षयाच्या गोळ्या चालू असतील तर बरं वाटलं म्हणून मध्येच काढ्यावर जाऊ नका.

बाबा ऐकत नाहीत. तुम्ही त्यांना जरा घाबरवा ना, तुमचं ऐकतील.

असे फोन आठवड्याला दोन तरी येतात, बहुतेक ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, दबक्या आवाजात. नाही घाबरवणार. घाबरलेला माणूस माझ्यासमोर मान हलवतो आणि डबी कपाटाच्या आणखी मागच्या कप्प्यात ठेवतो. तुम्ही फोनवर जे सांगितलंत ते मी त्यांच्यापासून लपवणारही नाही, म्हणून त्यांना आधीच सांगा की मी डॉक्टरांशी बोललो. मग त्यांना घेऊन या, शक्यतो संध्याकाळी साडेसातनंतर, तेव्हा गर्दी कमी असते. तुम्ही पहिली दहा मिनिटं बाहेर बसा. आणि डबी घ्यायला विसरू नका.